बघून चालायचं ना! : गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
सहकारी गृहनिर्माण संस्था, महाराष्ट्र

स. न. वि. वि.

हे पत्र एका पायरीबद्दल आहे. आमच्या इमारतीचा जिना उतरताना तळमजल्यावर येणारी शेवटची पायरी. तिची उंची १२२ मिलिमीटर. तिच्या वरच्या आठही पायऱ्या १६० च्या. माप मी स्वतः टेपने घेतलंय, तीनदा. आई हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा, रात्री साडेअकराला, वॉचमनकाकांना बॅटरी धरायला लावून.

आई ७४ वर्षांची आहे. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो, त्यामुळे लिफ्टची तिला कधी गरज वाटली नाही. बावीस वर्षं ती हाच जिना चढते-उतरते आहे. श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी आठच्या सुमारास ती महादेवाच्या देवळात निघाली, हातात बेलाची परडी. लॉबी नुकतीच पुसून झाली होती. शेवटच्या पायरीवरून पाय खाली टाकला आणि जमीन तिच्या अंदाजाआधीच आली. टाच आपटली, ओल्या टाइलवरून पुढे सरकली. आई डाव्या कुशीवर पडली. खुब्याचं हाड मोडलं, अर्धा सांधा बदलावा लागला. बेलाची पानं लॉबीभर झाली होती. झाडणाऱ्या मावशींनी ती एकेक वेचून पिशवीत घातली आणि संध्याकाळी घरी आणून दिली. देवाची पानं केरात टाकायला त्यांचा हात धजला नसावा.

नंतर भेटायला बरीच माणसं आली. चांगली माणसं, नारळपाणी घेऊन आलेली. दहातल्या आठांनी एकच वाक्य म्हटलं, "या वयात जरा बघून चालायला हवं." कमिटीतले एक गृहस्थ तर आईलाच म्हणाले, "काकू, बघून चालायचं ना!" आणि आई ओशाळून म्हणाली, "हो ना, माझंच चुकलं."

तेव्हापासून हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्या भाषेतच काहीतरी गोम आहे. आपण म्हणतो पाय घसरला, तोल गेला, पाय मुरगळला. सगळी वाक्यं पायाची. फरशी कुठल्याच वाक्यात येत नाही. त्यात 'पाय घसरला' याचा आपल्याकडे आणखी एक अर्थ आहे, तोही बदनामीचाच. म्हणजे पडणारा माणूस उठायच्या आधीच आरोपी.

मी पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात सेफ्टी विभागात नोकरी करतो. आमच्याकडे शॉपफ्लोअरवर कूलंटचे, म्हणजे मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, चार थेंब सांडले आणि कोणाचा पाय नुसता सरकला, माणूस पडलाही नाही, तरी त्याची 'निअर मिस' म्हणून नोंद होते. कोण, कुठे, किती वाजता, फरशीवर काय होतं, दिवा होता का. दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये त्यावर दहा मिनिटं जातात. हे आम्ही फार सज्जन आहोत म्हणून करत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम ३२ वर्षानुवर्षं आमच्या मानेवर बसलेलं होतं; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार सुरक्षा संहितेने घेतली. फरशा, पायऱ्या, जिने, ये-जा करायच्या वाटा भक्कम हव्यात, नीट राखलेल्या हव्यात, तिथे अडथळा किंवा पाय घसरेल असा पदार्थ नको, आणि गरज असेल तिथे धरायला मजबूत कठडा हवा, असं ते कलम सांगत होतं. कायदा सत्तर-पंच्याहत्तर वर्षांपूर्वीचा, पण लिहिणाऱ्याला जिना कळत होता.

आता गंमत बघा. मी आठ तास अशा कायद्याच्या छत्राखाली असतो. संध्याकाळी बस मला सोसायटीच्या गेटशी सोडते आणि छत्री मिटते. आईसाठी तर ती कधी उघडलीच नाही. ती कारखान्यात जात नाही, ती देवळात जाते.

पायरी १२२ ची कशी झाली ते सांगतो, कारण तुमच्यापैकी निम्म्या सोसायट्यांत हेच झालं असेल. मागच्या वर्षी आमच्या लॉबीचं नूतनीकरण झालं. जुनी कोटा फरशी होती, जरा डागाळलेली. ती उखडली तर राडारोडा, आवाज, खर्च. म्हणून कंत्राटदाराने तिच्यावरच माल टाकून चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल बसवली. लॉबी ३८ मिलिमीटरने वर आली. जिना होता तिथेच राहिला. ती ३८ मिलिमीटर शेवटच्या पायरीतून वजा झाली. दोन बोटांची रुंदी. डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, पण पायाला कळतं. आपण पायरी बघून उतरत नाही. पहिल्या दोन पायऱ्यांत पाय माप घेतो आणि पुढचा जिना पाठ म्हणावा तसा म्हणत जातो. मधलाच एक शब्द कोणी बदलला तर अडखळायला होणारच. अमेरिकेतल्या निवासी इमारतींच्या संहितेत एका जिन्यातल्या सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या पायरीत ३/८ इंचाहून, म्हणजे साधारण साडेनऊ मिलिमीटरहून, जास्त फरक चालत नाही. आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेतही घरांच्या जिन्याला मापं दिलेली आहेत. पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर, पाय ठेवायची जागा किमान २५० मिलिमीटर. बिल्डरने मूळ जिना त्यात बसवला होता. बिघडवला आम्ही, सर्वानुमते ठराव करून.

कठडाही एक पायरी आधीच संपतो. हात त्याच्या टोकाला पोचतो आणि पुढे काही नसतं. नेमक्या त्याच क्षणी पाय चुकीच्या मापावर पडतो.

टाइलबद्दलही थोडं. दुकानात ती आपण कोरडी बघतो, हात फिरवतो, "काय चमक आहे!" म्हणतो. कोरड्यावर ती खरंच घसरत नाही, फसगत इथेच होते. ओल्यावर तळव्याच्या आणि टाइलच्या मधे पाण्याचा पातळ पापुद्रा राहतो. खरखरीत दगडाचे बारीक उंचवटे तो पापुद्रा फोडून तळव्याला धरतात. आरशासारखी घासलेल्या टाइलला उंचवटेच नसतात. यावर मोजमाप आहे. टाइलच्या माहितीपत्रकात आर ९ ते आर १३ असे आकडे मिळतात. ते जर्मन पद्धतीचे, तेल सोडलेल्या उतारावर माणूस चालवून काढलेले. यात आर ९ ही सगळ्यात खालची पायरी. ब्रिटनमध्ये लोलकाची चाचणी वापरतात, म्हणजे झुलता रबरी तुकडा फरशीला घासून पकड मोजतात, ओल्या फरशीवर ३६ किंवा जास्त आकडा आला तर घसरण्याचा धोका कमी समजतात, २५ च्या खाली गेला तर जास्त. तुमच्या लॉबीची टाइल निवडताना कमिटीने रंगाचे किती नमुने पाहिले आणि हा आकडा किती जणांनी विचारला?

हे ज्ञान नवं नाही. माझ्या आजोळी कोकणात काळ्या दगडाच्या पायऱ्या होत्या. पायांनी घासून गुळगुळीत झाल्या की पाथरवट येऊन त्यांना टाकी देऊन जायचा, जात्याला देतात तशी. आजोबा त्याचे पैसे पावसाच्या आधीच बाजूला काढून ठेवत. आज ग्रॅनाइटला फ्लेम फिनिश, म्हणजे ज्वालेने खरखरीत केलेला पृष्ठभाग, मिळतो, पायरीच्या नाकाला तीन ग्रूव्ह मारून मिळतात. ते काम टाकीचंच आहे, फक्त मशीनने केलेलं. पण ग्रूव्हमध्ये धूळ बसते, 'लूक' जातो, म्हणून ते नको असतं.

आता जबाबदारी. आईच्या बिलाच्या आकड्यापेक्षा मला या प्रश्नाने जास्त छळलं, कारण कमिटीत कोणालाच ती आपली वाटली नाही. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "यात सोसायटीचा काय संबंध?"

संबंध असा आहे. इंग्लंडमध्ये १९५७ पासून यावर वेगळा कायदाच आहे. जागा ज्याच्या ताब्यात, त्याने तिथे येणाऱ्याची वाजवी काळजी घ्यायची. आपल्याकडे असा एकगठ्ठा कायदा नाही, पण न्यायालयांनी निकालांतून बांधत आणलेला अपकृत्याचा कायदा आहे, म्हणजे आपल्या निष्काळजीपणाने दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई द्यायला लावणारा. दिल्लीत चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसं मेली, तो खटला सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये निकालात काढला. नगरपालिकेचा बचाव आजच्या कुठल्याही कमिटीच्या तोंडी शोभेल असा होता. दोष आतला होता, दिसत नव्हता, आम्हाला कसा कळणार? न्यायालयाने विचारलं ते असं की, मनोरा ऐंशी वर्षांचा, त्या चुन्याच्या बांधकामाचं आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं, मग वरवरची पाहणी सोडून तुम्ही केलंत काय? दिसणारा दोष असो की लपलेला, रस्त्यालगतच्या इमारतीचा मालक जबाबदार ठरला. मनोऱ्याची पायरीशी तुलना कोणी वकील खोडून काढेलही. मी वकील नाही. पण 'माहीत नव्हतं' हे उत्तर पुरत नाही, माहीत करून घेणं हेच तुमचं काम होतं, एवढं त्यातून मला कळलं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यात किंवा उघड्या मॅनहोलमध्ये मृत्यू झाल्यास ६ लाख रुपये आणि जखमीला ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. ती बातमी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर चौदा जणांनी टाकली. "महापालिकेला असंच पाहिजे!" त्या दिवशी आमच्या पार्किंगमधल्या चेंबरचं झाकण तुटलेलं होतं आणि त्यावर एक विटकरी रंगाची कुंडी ठेवलेली होती. अजून आहे.

दुसरी बाजूही सांगतो. आपल्याकडे पडलेल्या माणसाला दाद मिळणं सोपं नाही. १९७२ मध्ये दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात सूर मारताना एक जर्मन वैमानिक कायमचा अपंग झाला. तो १९८५ मध्ये वारला. दिल्ली उच्च न्यायालयाने ५० लाखांचा निकाल दिला तो १९९७ मध्ये, आणि पुढे अपिलात तोही टिकला नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ३०६ चा अर्थ साध्या शब्दांत असा की, शरीराला झालेल्या इजेचा दावा, त्या इजेनेच मृत्यू झाला नसेल तर, माणसाबरोबर संपतो. ७४ वर्षांच्या बाईच्या बाबतीत हे गणित प्रतिवादीला फार सोयीचं आहे. तारखा घेत राहायच्या. मी दावा लावणार नाही. लावायचा म्हटलं तरी आईच मला लावू देणार नाही, कारण गणपतीत याच लोकांबरोबर आरती म्हणायची आहे. तुमच्यावर अजून कोणी केस केली नाही ती तुमची चूक नव्हती म्हणून नाही, शेजारधर्म म्हणून.

पण सगळेच पडणारे शेजारी नसतात. सकाळी आठला जिना ओला असतो, तेव्हा त्यावरून कोण जातं? आमच्याकडे नियम आहे, तुमच्यापैकी अनेकांकडे असेल, की कामाच्या बायकांनी आणि डिलिव्हरीच्या मुलांनी लिफ्ट वापरू नये. म्हणजे ज्यांना दिवसातून वीसदा चढउतार करायची आहे, ज्यांच्या पायात झिजलेली स्लिपर आहे, ज्यांचा वैद्यकीय विमा नाही, त्यांनाच आपण नियम करून ओल्या जिन्यावर पाठवतो. चौथ्या मजल्यावर पोळ्या करायला येणाऱ्या ताई दोन वर्षांपूर्वी याच जिन्यावर पडल्या होत्या. मनगट मोडलं, दीड महिना काम नाही. हे मला आई पडल्यावर कळलं. त्या मला म्हणाल्या, "तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, दादा." सोसायटीच्या कुठल्याही वहीत ते नाही. लॉबीची टाइल तेव्हा बसलेली नव्हती, म्हणजे जिना आधीपासूनच बोलत होता. हा लिफ्टचा नियम आधी फाडून टाका. त्याला खर्च नाही, ठेकेदार नाही, निविदा नाही.

आम्ही लेखी अर्ज दिला तेव्हा सेक्रेटरी हळूच म्हणाले, "लेखी देऊ नका, उद्या ते कागद आपल्यावरच उलटतात." ही भीती मला कारखान्यातही भेटते, आणि ती नेमकी उलटी आहे. अर्ज न घेतल्याने दोष नाहीसा होत नाही, दोष दुरुस्त करायचा प्रयत्न केल्याचा पुरावा तेवढा नाहीसा होतो. तारीखवार नोंद असलेली वही समितीला बुडवत नाही. नोंदीखाली कृतीच नसेल तर मात्र बुडवते, आणि बुडवावंच.

दुसरं उत्तर नेहमीचं, फंड नाही. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीप्रमाणे, दुरुस्ती-देखभाल निधीसाठी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी, म्हणजे मोठ्या कामांच्या राखीव निधीसाठी, किमान ०.२५ टक्के गोळा करायचे असतात. आपण ते भरतो. लॉबीच्या फॉल्स सीलिंगला, त्यातल्या निळ्या दिव्यांना पैसे निघाले. जिन्याच्या मधल्या वळणावरचा बल्ब तीन आठवडे गेलेला होता. पंधरा वर्षांवरच्या इमारतींना पाच वर्षांनी आणि तीस वर्षांवरच्यांना तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. आमचं झालं. अभियंत्याने कॉलमवर हातोडा वाजवला, गच्चीची ओल पाहिली, जाडजूड अहवाल दिला. ते हवंच. पण तो अहवाल द्यायला तो ज्या पायरीवरून वर गेला ती कोणी मोजली नाही, कारण ती कोसळत नाही. ती फक्त माणसं पाडते.

आणि विमा. एका खजिनदारांनी मला सांगितलं, "पब्लिक लायबिलिटीचा कायदा आहे ना, त्यात येतं सगळं." नाही येत. १९९१ चा तो कायदा घातक पदार्थ हाताळणाऱ्यांसाठी आहे. भोपाळनंतर आलेला, तुमच्या लॉबीशी त्याचा संबंध नाही. इमारतीच्या विम्यात आग-भूकंपाबरोबर तिसऱ्या व्यक्तीच्या इजेची जबाबदारी घेणारा भाग वेगळा घ्यावा लागतो. पॉलिसी कपाटातून काढा आणि तो आहे का बघा. आमच्यात नव्हता.

नवीन इमारत ताब्यात घेणाऱ्या समित्यांना एक सांगतो. रेराच्या, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या स्थावर संपदा कायद्याच्या, कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला, कारागिरीतला दोष दाखवला तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. तुम्ही गळती आणि भेगांची यादी करता. त्या यादीत रॅम्पची गुळगुळीत फरशी, पोडियमवर, म्हणजे इमारतीभोवतीच्या सामाईक चौथऱ्यावर, पाणी साचणारे खोलगट भाग, असमान पायऱ्या हेही लिहा. बिल्डर कुरकुर करील. लिहा.

बाकी मला जे हवंय ते फार मोठं नाही. पुसायची वेळ बदला. सकाळी आठला शाळा, ऑफिस, देऊळ सगळे एकदम निघतात, तेव्हा फरशी ओली का असावी? दुपारी अडीचला पुसा, अर्धा भाग पुसून कोरडा झाला की मग उरलेला. पावसाळ्यात दारात गोणपाट टाकता, ते पहिला तासभर पाणी पितं आणि मग स्वतःच सरकतं. दोन ठेवा, दर दोन तासांनी बदला, किंवा रबरी पाठीची मॅट आणा. 'सावधान, ओली फरशी' हा पिवळा बोर्ड बारा महिने चोवीस तास उभा करू नका. आमच्याकडे तो मे महिन्यातही उभा असतो आणि त्यावर पोस्टमन हेल्मेट ठेवतो. दिवाळीत जिन्यावर पणत्या लावताना खाली ताटली ठेवायला सांगा. सांडलेलं तेल दिवसभर दिसत नाही. पोडियमच्या पेव्हर ब्लॉकवरचं शेवाळ जुलैमध्ये ब्लीचिंग पावडर टाकून घासून घ्या. जिन्यातले चपलांचे स्टँड उचला, त्याबद्दल भांडण होईल याची मला कल्पना आहे, पहिल्या मजल्यावरच्या एका स्टँडचा मालक मीच आहे. आणि एक वही ठेवा. पडलेल्यांची, आणि पडता पडता वाचलेल्यांची. वॉचमन केबिनमध्ये, दोरीला पेन बांधून. मासिक सभेत ती उघडायचीच.

आणि टेप घेऊन आपल्या जिन्याची प्रत्येक पायरी मोजा. एका इमारतीला पाऊण तास लागतो. सोबत एखादं शाळेतलं पोर घ्या, आकडे ते आनंदाने लिहून घेतं.

आई आता वॉकरवर घरात चालते. गॅलरीपर्यंत येते, खाली बघते, देवळात जाते का विचारलं की "बघू दिवाळीनंतर" म्हणते. कोणती दिवाळी ते सांगत नाही.

कळावे,
आपला,
एक सभासद, चिंचवड

ता. क. पत्र पूर्ण झाल्यावर खाली जाऊन आलो. शेवटच्या पायरीवर कोणीतरी पिवळी-काळी खरखरीत पट्टी चिकटवली आहे. बरं वाटलं. पण बहुतेक ओल्या टाइलवरच चिकटवलेली दिसते, उजवीकडचं टोक सुटून वर आलंय. चपलेने दाबून पाहिलं, परत उठतं. त्यात कोणाचा तरी पाय अडकेल. कृपया काढून, जागा पुसून, पूर्ण सुकवून पुन्हा लावावी.